डबा बघायला शिकवणाऱ्या मावशींना

आदरणीय मावशी,

सादर नमस्कार.

पाळणाघरात आजवर किती मुलांचे डबे तुम्ही उघडून दिलेत, याचा हिशेब तुम्ही ठेवला नसणार. त्यातल्या एका डब्याबद्दल तुमचे जाहीर आभार मानायचे आहेत. पत्र खुलं लिहिण्यात थोडा स्वार्थही आहे. सकाळी ओट्यासमोर "आज काय द्यायचं?" म्हणत उभी राहणारी मंडळी माझ्यासारखीच पुष्कळ असतील, त्यांनाही हे वाचता येईल.

मी तुमच्याकडे आले होते ते पाककृती मागायला. तुम्ही एकही दिली नाहीत. लेकीचा परत आलेला डबा उघडून माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, "हा आधी नीट बघ." गाजराच्या जाड चकत्या जशाच्या तशा, एकीवर फक्त दातांची खूण. उकडलेल्या अंड्याचं पांढरं गायब, पिवळं तसंच. मला त्यात नखरे दिसले, तुम्हाला कारणं. कच्चं जाड गाजर चावता चावता जेवणाची सुट्टी संपते, म्हणून ते किसून किंवा अर्धवट वाफवून द्यायचं. बलकाभोवती करडं-हिरवं कडं म्हणजे अंडं जास्त उकळलंय. असा बलक कोरडा होतो आणि घशात अडकतो. दहा-बारा मिनिटं पुरतात, मग लगेच गार पाण्यात. शेवटी विचारलंत, "झाकण तिचं तिला उघडता येतं का?" हा प्रश्न मला कधी सुचलाच नसता.

वैविध्याबद्दलचं तुमचं म्हणणं तर मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. रोज नवा पदार्थ करायचा नाही. डब्यात चार गोष्टी असतील तर तीन ओळखीच्या ठेवायच्या आणि एकच बदलायची. काबुली चणे रात्री भिजवून एकदाच शिजवायचे. पहिल्या दिवशी काकडी आणि लिंबू घालून नुसतेच. दुसऱ्या दिवशी तेल, लसूण, लिंबू घालून वाटायचे आणि पावाला लावायचे. तिसऱ्या दिवशी भातात परतायचे. मुलांच्या लेखी हे तीन वेगळे डबे, आपल्या लेखी एकच कुकर. लिंबू तुम्ही चवीसाठी सांगितलंत, पण त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह शरीराला जास्त मिळतं, म्हणजे फायदा दुहेरी. बटाटा, मटार, पनीर यांचंही असंच चालतं.

नावडत्या भाजीचं तंत्र मात्र धीराचं निघालं. मटार चार दाण्यांएवढेच ठेवायचे, त्यावर चकार शब्द काढायचा नाही, परत आले तर परत आले. काही दिवसांनी पुन्हा ठेवायचे. नवी चव आपलीशी करायला मुलांना दहा-पंधरा वेळाही लागू शकतात, आणि आपण तिसऱ्यांदाच "हिला आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनीही पालकांसाठी अशीच विभागणी सांगितली आहे: काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. तुम्ही हे एवढ्या शब्दांत कधी सांगितलं नाहीत, पण "संपवलास का?" हा माझा रोजचा प्रश्न तेवढा बंद करवलात.

एरवी इतक्या मऊ असणाऱ्या तुम्ही दोन बाबतींत मात्र कडक. पहिली, धाकट्याच्या डब्यात अख्खं द्राक्ष किंवा अख्खा सुका मेवा अजिबात नाही. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात ते अडकू शकतं. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करायच्या. दुसरी, भात. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात आणि भात कोमट राहिला की त्यांचं फावतं. म्हणून डब्यासाठी भात एक तर वाफाळता, थर्मासमध्ये; त्यातही आधी पाच-दहा मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवायचं. नाहीतर फ्रिजमधून काढलेला, सोबत बर्फाची पिशवी. अंडं, पनीर, दही यांनाही ती पिशवी हवीच. पाव मात्र झाकण लावण्याआधी पूर्ण गार होऊ द्यायचा, नाहीतर वाफेने लगदा होतो. आणि टोमॅटो घालायचा तर बिया काढून.

एकच गोष्ट ऐकलेली नाही. चांदण्या-फुलांचे आकार कापत बसू नकोस म्हणालात. वेळ जातो हे खरं, मुलं आकार न बघताच खातात हेही खरं. तरी कधीतरी कापते, मला मजा येते म्हणून.

हल्ली रात्री फ्रिज उघडून लेक स्वतःच उद्याची "बदलायची एक गोष्ट" निवडते. या आठवड्यात तिने चक्क बीट निवडलं. वाफवून, दह्यात कालवून दिलं. डबा गुलाबी होऊन परत आला, पण निम्मा रिकामा होता. उरलेल्या निम्म्याचं काय करायचं, ते विचारायला शनिवारी येतेच आहे.

तुमची कृतज्ञ,
पाळणाघरातल्या दोन मुलांची आई