गांधार उतरवू का?

मिरज, रविवार रात्र

प्रिय सुमे,

आठ महिने पत्र नाही, फोनवर नुसतं "बरं आहे". रागावली असशील तर तो तुझा हक्कच. गुडघा तसाच, बाकी ठीक.

बापूंची पेटी माझ्याकडे आली. नंदाकडे जागा नव्हती. भाता फुसफुसतोय, एक कोपरा उंदरांनी कुरतडलाय. काल कारागिराकडे नेली. त्यानं पेटी उघडली, सुरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बाई, हिच्यावर गाणार कोण?" माझ्या तोंडून तुझंच नाव गेलं! तर म्हणाला, "मग काळी चारला सा धरून बांधून देतो. गांधार, धैवत थोडे उतरवतो, तंबोऱ्यात मिसळून जातील."

तेव्हापासून झोप नाही.

पंचाहत्तरचा गणपती आठवतो? भर मांडवात तू बापूंना म्हणालीस, "तुमचा गांधार चढा आहे, मी पेटीशिवाय गाते." मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुझं खरं होतं म्हणूनच जास्त लागलं. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग. एका भागाचे शंभर सेंट धरले तर तिचा गांधार तंबोऱ्यातल्या गांधारापेक्षा चौदा सेंट चढा. बापूंना हे ठाऊक होतं गं. तू गांधारावर थांबलीस की ते बोट उचलायचे. तू म्हणायचीस, म्हातारा मागं पडतो. ते मागं पडत नव्हते, तुझ्या सुराला वाट देत होते. त्यांनीच मला सांगितलं होतं. मी तुला आजवर सांगितलं नाही, त्या चार दिवसांच्या रागापायी.

तू तिला 'विलायती खोकं' म्हणायचीस. पण आतली थरथरणारी पट्टी मुळात चीनच्या शेंग वाद्यातली. आमियो नावाच्या जेझुइट पाद्र्यानं १७७७ मध्ये तिथून शेंग पॅरिसला पाठवली. १८४० च्या सुमारास त्याच पॅरिसात दबेन नावाच्या कारागिरानं हार्मोनियम केली. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी हातानं भाता मारायची पेटी केली, ती आपल्यासारखी जमिनीवर मांडी घालून बसली. पुढे जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकारानं पेटीविरुद्ध लिहिलं, रवींद्रनाथांनाही ती नको होती, आणि १९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओवर बंदी. आणि त्याच्या कितीतरी आधी आपल्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स हा इंग्रज अधिकारी मिळून बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बावीस बारीक सुरांची, पेटी घडवत होते! १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली, पण जाणकारांना पटली नाही. एका इंग्रजाला पेटी नकोच, दुसरा तिला आपल्या श्रुती शिकवतोय. यात परकं कोण, सांग बघू. मला तर त्या दोघांचंही प्रेम आपल्या गाण्यावरच दिसतं.

आता माझी अडचण. काळी चारचा गांधार म्हणजे पांढरी एक. ती उतरवली की तुझं गाणं सुरेल होईल, पण गल्लीतली भजनाची पोरं पांढरी एकलाच सा धरून गातात, त्यांचा तो षड्जच खाली जाईल. बापूंनी तर कुणालाच "तुझी पट्टी बदल" म्हटलं नाही. सूर उतरवायचा तर आतली पितळी पट्टी मुळाशी खरवडावी लागते, आणि गेलेलं पितळ परत येत नाही. बापूंची पेटी एकट्या तुझ्यासाठी बांधायची? का तशीच ठेवायची आणि बोट उचलायला मी शिकायचं? सत्तरीत जमेल का गं मला?

रोहनच्या बायकोनं उट्रेख्टच्या योगवर्गात पेटीवर नामस्मरण सुरू केलं, ते ऐकून फार बरं वाटलं. तिला बोट उचलण्याचं सांग. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? माईंना नमस्कार.

कारागिराला गुरुवारपर्यंत थांबवलंय. सकाळी अकराला मी त्याच्या दुकानात असेन. फोन कर, तंबोरा लाव आणि नुसता गांधार धर. मी इकडे पांढरी एक दाबते.

तुझी,
कुंदा