५६५ आणि गोदामातली वही

सोलापूर,
१२ ऑक्टोबर

चि. प्राजक्तास अनेक आशीर्वाद.

तुझी आई म्हणते, लिहीत काय बसलात, फोन करा. पण फोनवर मी बोलायला लागलो की तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस आणि माझं निम्मं पोटातच राहतं. म्हणून लिहितोय. शांतपणे वाच, डबा खाताना नको.

मार्कांचं, म्हणजे जीमॅट ह्या प्रवेशपरीक्षेचं, मागाहून. आधी परदेशातल्या मॅनेजमेंट कॉलेजांच्या अर्जातल्या त्या निबंधाचं. काल तू पाठवलास तो, सल्लागाराने सुधारून दिलेला. मी दोनदा वाचला. गरीब विणकराच्या पडक्या घरात तुझा जन्म झाला, गावात मुलींना शिकवायची पद्धत नव्हती, परदेश म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. प्राजू, हे कुणाचं घर गं? आजोबा मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते. मी पंचवीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितोय. तुझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिच्या वर्गात निम्म्या मुली असतात. मिल बंद पडली तेव्हा ओढाताण झाली, नाही असं नाही. आजी रात्री शेजारच्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची. पण ती ओढाताण आजी-आजोबांची. ती विकायचा हक्क मलासुद्धा नाही, त्या सल्लागाराला कुठून आला? मार्क कमी पडले म्हणून त्यावर घरचं दारिद्र्य पांघरायचं? पांघरायला सोलापुरात चादरी काय कमी आहेत!

आणि परदेश कुणाला ठाऊक नव्हता म्हणे. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. ह्याच गावचा माणूस १९३८ साली चीनला गेला, जखमी सैनिकांवर उपचार करत १९४२ साली तिथेच वारला. तुमच्या शाळेची सहल गेली होती तिथे. तू एक चप्पल हरवून आली होतीस.

आता मार्क. पहिल्या खेपेला ५४५, ह्या खेपेला ५६५. कमी आहेत. गोड बोलून ते वाढणार नाहीत. पण तू जेवढं मनाला लावून घेतलंयस तेवढेही कमी नाहीत, हे मी हिशेबनीस म्हणून सांगतो. तू केलेल्या तक्त्यात दोन कॉलेजांसमोर सरासरी म्हणून ७०० लिहिलंय. तो आकडा जुन्या जीमॅटचा. जुनी परीक्षा २०० ते ८०० ची, शेवटचा आकडा कायम शून्य. नवी २०५ ते ८०५ ची, शेवटी कायम पाच. जुन्या ७०० च्या तोडीला नव्यातले ६४५ धरतात. म्हणजे तू एका बाजूला किलो आणि दुसऱ्या बाजूला पौंड ठेवून रडत होतीस.

शिवाय सरासरी म्हणजे किमान नव्हे. बरीच कॉलेजं शेजारी 'मधले ८० टक्के' असा पट्टा छापतात. त्या पट्ट्याच्या खालीही शेकडा दहा जण असतातच, नाहीतर तो मधला कसला? ते दहा जण कोण, हा खरा प्रश्न. माझा अंदाज असा की त्यांच्या अर्जात मार्कांखेरीज काहीतरी ठोस असतं. म्हणून तुझ्या सात कॉलेजांपैकी जी दोन पट्ट्यापासून फारच लांब आहेत ती काढून टाक. उरलेल्या पाचांवर जीव लाव.

ठोस काय, तर तुझ्या निकालाचे तीन तुकडे बघ : क्वांट म्हणजे गणित ७८, व्हर्बल म्हणजे भाषा ८१, आणि सगळ्यात कमी डेटा इनसाइट्स ७५. म्हणजे तक्ते आणि आलेख वाचायचा विभाग! मला हसूच आलं. तू बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतीस ती सुट्टी आठव. ५०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ५०० ग्रॅम) ऑर्डरचा लॉट वजनाला हलका आला म्हणून गिऱ्हाइकाने अडवला होता. मालक जॉबरवर ओरडत होते, जॉबर सुतावर ढकलत होता. तू गोल कटर घेऊन गोदामात बसलीस. एकेका टॉवेलातून १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापायची, काट्यावर ठेवायची. पाच ग्रॅम भरली तर ५०० जीएसएम. तुझ्या काही चकत्या ४.६ भरत होत्या. प्रत्येक वजनासमोर तू माग नंबर लिहीत गेलीस, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी जॉबरला म्हणालीस, "काका, सगळे हलके पीस अकरा आणि चौदा नंबरच्या मागाचेच आहेत." त्या दोन मागांवर लूपचं सूत गुंडाळलेल्या पाइलच्या बीमचा ब्रेक आवळला गेला होता. ताण वाढला की लूप आखूड निघतात आणि टॉवेल हलका होतो. ब्रेक सैल केला, पुढचा माल वजनात उतरला. सुताचा काही दोष नव्हता.

हे निबंधात कुठे आहे? एक ओळ नाही.

परीक्षेत डेटा इनसाइट्सला ४५ मिनिटांत २० प्रश्न, म्हणजे एकाला सव्वादोन मिनिटं. तुला चार दिवस लागले होते. तू धीमी आहेस, चुकीची नाहीस. अर्थात त्यांना वेगही बघायचा असतो, त्यांचंही चूक म्हणत नाही मी. म्हणून तिसऱ्यांदा बसायचं तर नुसतं हट्टाने नको. नियमाप्रमाणे १६ दिवसांच्या अंतराने, बारा महिन्यांत पाच वेळा बसता येतं, पण दर खेपेला तेच केलंस तर तेच मिळेल. आधी दोन रविवारी जीआरई ह्या दुसऱ्या प्रवेशपरीक्षेचे फुकटचे सराव पेपर सोडव. बहुतेक कॉलेजांना तीही चालते, आणि तिथे गणिताला पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो. जीमॅटच्या क्वांटला मिळत नाही. बरं जमलं तर बाजू बदल. नाहीतर हेच ५६५ ठेव, आणि एनपीटेलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन वर्गांत, संख्याशास्त्राचा एखादा कोर्स कर. अर्जात जादा खुलाशाची जागा असेल तिथे तीन-चार ओळींत लिही : मार्क कमी आहेत, त्यावर हे केलं. आजारपण, ट्रॅफिक, नशीब काही आणू नकोस.

तो सल्लागार 'परीक्षाच माफ' म्हणून ज्या कॉलेजचं नाव सारखं घेतोय, त्याला सरळ विचार की तिथून त्याला कमिशन मिळतं का. माफी देणारी चांगली कॉलेजंही आहेत, पण ह्या कॉलेजला एएसीएसबी, एएमबीए, इक्विस ह्या मॅनेजमेंट कॉलेजांच्या जागतिक मान्यतांपैकी एकही मला सापडली नाही, आणि नोकऱ्यांचा अहवाल मागितला तर त्याने रंगीत फोटो पाठवले. विजापूर रोडचं घर बँकेकडे तारण ठेवायला माझी ना नाही, आईचीही नाही. फक्त फोटोंसाठी ठेवणार नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या मुदती आहेत म्हणजे गड्ड्याच्या, सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधी सगळं आटोपेल. संक्रांतीला नंदीध्वजाच्या काठ्या बघायला मोकळ्या मनाने येशील. शिफारसपत्र तुझ्या खरेदी विभागाच्या साहेबांकडून घे. मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडे जाऊ नकोस, त्याला तुझं नावही आठवणार नाही.

शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने ये. मी स्टेशनवर असेन. परवा गोदामातलं जुनं कपाट उपसलं, तिथे तुझी ती वही सापडली. कडेला तेलाचा डाग आहे, पण आकडे स्वच्छ दिसतात. अकरा आणि चौदाभोवती तू लाल पेनाने गोल केलेत. आईने ती तुझ्या टेबलावर ठेवलीय, शेंगाचटणीच्या डब्याशेजारी.

तुझे
बाबा