थेंबाच्या रंगावर कन्व्हर्टरचा भाव ठरू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोटारींच्या जुन्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून (धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागातून) प्लॅटिनम काढण्याच्या चित्रफिती सध्या मोबाइलवर सर्रास फिरत आहेत आणि त्यांतील स्टॅनस क्लोराइडची (कथलाच्या एका संयुगाची) चाचणी पाहून आपल्या नाशिकच्या भंगार बाजारातही काही जण तिच्या जोरावर सौदे करू लागले आहेत. चाचणी खोटी नाही. तिच्यावरून भाव ठरवणे चुकीचे आहे, एवढेच मला निदर्शनास आणायचे आहे.

कन्व्हर्टरमधील जाळीदार सिरॅमिकची भुकटी अम्लराजात (नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) तापवतात, त्या द्रावणाचा थेंब गाळणकागदावर ठेवतात आणि त्यावर स्टॅनस क्लोराइड सोडतात. प्लॅटिनम असेल तर पिवळा-नारिंगी ते तपकिरी डाग उमटतो. पॅलेडियम या प्लॅटिनमच्याच गटातील धातूचा डाग हिरवटपणाकडे झुकतो. कन्व्हर्टरमध्ये हे धातू बहुधा एकत्रच असतात, त्यामुळे एकाचा रंग दुसऱ्याला झाकून टाकतो. त्यांच्यातला तिसरा धातू ऱ्होडियम तर अम्लराजालाही सहजासहजी दाद देत नाही. म्हणजे अलीकडच्या काळात या तिघांत सर्वांत महाग ठरलेला धातू बराचसा भुकटीतच राहू शकतो आणि कागदावर त्याचा वेगळा मागमूस दिसत नाही.

याहून मोठा घोटाळा नायट्रिक आम्लाचा. द्रावण हायड्रोक्लोरिक आम्लासह पुन्हा पुन्हा आटवून अम्लराजातले हे आम्ल घालवले नाही, तर ते स्टॅनस क्लोराइडचेच ऑक्सिडीकरण करते, रंग येत नाही आणि चांगला माल ‘रिकामा’ म्हणून कवडीमोलाने उचलला जातो. स्टॅनस क्लोराइड नुसत्या हवेनेही निकामी होते. त्याच्या बाटलीत कथलाचे दाणे टाकून ठेवतात ते त्यासाठीच. (चित्रफितींत हे दाणे मला तरी कुठे दिसले नाहीत.)

याच संयुगाने मोजमापही उत्तम होते, पण त्याला शिस्त लागते. आम्लाचे प्रमाण ठरावीक ठेवून प्लॅटिनमच्या पिवळ्या रंगाची तीव्रता प्रकाशाच्या ४०३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास उपकरणाने मोजतात आणि ज्ञात द्रावणांशी ताडून पाहतात. पॅलेडियम असल्यास ते आधी डायमिथाइलग्लायऑक्झाइम या रसायनाने वेगळे काढावे लागते.

म्हणून गॅरेजचालकांना विनंती, की मोठा साठा विकताना अख्खे सिरॅमिक दळून, नीट मिसळून त्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा आणि प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचे प्रमाण स्वतंत्र आकड्यांत, वापरलेल्या पद्धतीच्या उल्लेखासह लेखी मागावे. बंद गाळ्यात अम्लराज तापवण्याच्या फंदात मात्र कोणीही पडू नये. त्यातून निघणारी तांबूस वाफ फुप्फुसांना इजा करते आणि तिचा त्रास कित्येकदा काही तासांनी, घरी गेल्यावर सुरू होतो.

आपला,
एक निवृत्त रसायन-विश्लेषक, नाशिक