हँडसेटचे कर्ज बिलात वेगळे दिसू द्या

महोदय,

‘नाममात्र रक्कम भरा, फोन घेऊन जा, दोन वर्षांचा करार करा’ या योजनेत मोबाइल कंपनी ग्राहकाला काहीही सवलतीत देत नसते. ती हँडसेटची उरलेली किंमत आधी स्वतः भरते आणि दरमहा प्लॅनच्या भाड्यातून वसूल करते. व्यवहार सरळ कर्जाचा आहे, पण त्याला सबसिडी म्हणायची पद्धत पडली आहे आणि ग्राहकाचे नुकसान तिथूनच सुरू होते. कर्ज म्हटले असते, तर त्याने मुद्दल, व्याज आणि शेवटच्या हप्त्याची तारीख विचारली असती. सबसिडीबद्दल असे कोणी विचारत नाही.

हिशेब अवघड नाही. फोनची रोख किंमत १०० धरा. सुरुवातीला १० भरले, म्हणजे ९० कर्ज झाले. फोनसह प्लॅनचे भाडे महिन्याला ९ आहे आणि तेवढाच डेटा, तेवढेच कॉल देणारा नुसत्या सिमचा प्लॅन ४ ला मिळतो. फरक ५ चा. २४ महिन्यांत १२० गेले, त्यात सुरुवातीचे १० मिळवले की १०० चा फोन १३० ला पडला. व्याजाच्या भाषेत हा दर महिन्याला सुमारे २.४४ टक्के, म्हणजे वर्षाला २९ टक्क्यांच्या आसपास जातो. करारात हा आकडा कुठेही लिहिलेला नसतो, कारण फोन आणि सेवा यांची किंमत एकाच ओळीत टाकलेली असते. कोणत्याही योजनेत फोन खरोखर कितीला पडतो हे काढायचे असेल, तर त्याच कंपनीचा नुसत्या सिमचा तसाच प्लॅन शोधून दोन्हींतला फरक महिन्यांनी गुणावा आणि त्यात सुरुवातीची रक्कम मिळवावी. तसा प्लॅन मुद्दामच ठेवलेला नसेल, तर डेटाच्या बाबतीत सर्वांत जवळचा घ्यावा.

खरी मेख पंचविसाव्या महिन्यात आहे. कर्ज फिटलेले असते, पण भाडे ९ चे ९ च राहते. ग्राहक गप्प बसला तर जुन्या फोनसाठी दरमहा ५ जास्त भरत राहतो, तेही कितीही काळ. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामकाने फेब्रुवारी २०२० पासून कंपन्यांना करार संपण्याच्या १० ते ४० दिवस आधी ग्राहकाला कळवणे बंधनकारक केले. करार कधी संपतो, आता काय भरता, नंतर काय भरावे लागेल आणि कंपनीचे सर्वांत किफायतशीर प्लॅन कोणते, हे सगळे त्या सूचनेत यावे लागते. नियम चांगला आहे, पण अपुरा आहे. सूचना न वाचणारा माणूस पैसे भरतच राहतो. फोनचा हप्ता वेगळा असता, तर तो आपोआप थांबला असता आणि सूचनेची गरजही उरली नसती.

करार मध्येच मोडताना हीच सरमिसळ आणखी महाग पडते. वरच्या उदाहरणात १५ महिन्यांनी बाहेर पडायचे ठरवले आणि कंपनीने ‘उरलेले सगळे भाडे भरा’ म्हटले, तर ९ महिन्यांचे ८१ होतात. मुद्दल दरमहा समान रकमेने घटते असे धरले, तर फोनची बाकी मात्र ९० भागिले २४ गुणिले ९, म्हणजे ३३.७५ एवढीच असते. उरलेले सुमारे ४७ हे न वापरलेल्या सेवेचे आणि पुढच्या महिन्यांच्या व्याजाचे पैसे. कॅनडाच्या २०१३ च्या वायरलेस संहितेने नेमके हेच रोखले. तिथे फोनवरची सबसिडी दरमहा समान रकमेने घटत जाऊन जास्तीत जास्त २४ महिन्यांत शून्यावर यावी लागते आणि फोन सबसिडीवर घेतलेला असेल, तर करार मोडल्याचा आकार त्या दिवशीच्या बाकीपेक्षा जास्त घेता येत नाही. युरोपीय संघाच्या २०१८ च्या दूरसंचार संहितेत ग्राहकाला २४ महिन्यांहून जास्त मुदतीच्या करारात बांधता येत नाही. कायद्याने करार मुदतीआधी मोडण्याचा हक्क असेल, तर फोन ठेवून घेणाऱ्या ग्राहकाकडून फोनचे उरलेल्या काळाच्या प्रमाणातले मूल्य किंवा सेवेचे उरलेले भाडे, यांतले जे कमी असेल तेवढेच मागता येते. शिवाय करार चालू असताना एखादे उपकरण किंवा जादा सेवा घेतली, तरी ग्राहकाने स्पष्ट होकार दिल्याशिवाय मूळ मुदत वाढत नाही. अनेकांची मुदत याच वाटेने नकळत लांबलेली असते.

नंबर पोर्ट केला की करार संपला, हाही एक गैरसमज आहे. नंबर दुसरीकडे जातो, कर्ज जुन्या कंपनीकडेच राहते आणि शेवटच्या बिलात एकरकमी येते. म्हणून आधी लेखी बाकी मागवावी, मगच पोर्टिंगची विनंती द्यावी.

सिम लॉक हे कंपनीचे दुसरे हत्यार. लॉक केलेला फोन ठरावीक कंपनीचेच सिम स्वीकारतो, ई-सिमलाही तोच नियम लागतो. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट या क्रमाने गेल्यावर ‘कॅरियर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसले तर फोन मोकळा आहे. अँड्रॉइडवर दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहावे. कोड मागितला तर लॉक आहे. कोड अंदाजाने टाकू नये, ठरावीक चुकांनंतर काही फोन कायमचे अडकतात. लॉक आणि काळी यादी या गोष्टीही वेगळ्या आहेत. थकबाकीमुळे किंवा चोरीमुळे फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, नेटवर्कने अडवलेल्या फोनांच्या काळ्या यादीत गेला असेल, तर अनलॉक कोडने काही होत नाही. वापरलेला फोन घेण्याआधी *#०६# दाबून दिसणारा १५ अंकी आयएमईआय म्हणूनच तपासून घ्यावा. आणि अनलॉक झालेला प्रत्येक फोन दुसऱ्या नेटवर्कवर नीट चालेलच असेही नाही. वारंवारिता जुळाव्या लागतात, शिवाय त्या कंपनीच्या व्होल्टीला, म्हणजे ४जीवरून कॉल लावण्याच्या सोयीला, फोनचा पाठिंबा हवा. तो नसेल तर कॉल लावताना फोन ३जी किंवा २जीवर उतरतो आणि जिथे ती जाळी बंद झाली आहेत तिथे डेटा चालतो, पण कॉल लागत नाही.

फोन कर्जावर असला म्हणून लॉक हवाच, हा युक्तिवाद मला पटत नाही. बाकी वसूल करायला करार पुरेसा आहे. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून फोन अनलॉक करूनच विकावे लागतात, ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकायला बंदी आहे, आणि तरीही दोन्हीकडे हप्त्यांवर फोन मिळतात.

मग सबसिडीवर बंदीच का घालू नये? फिनलंडमध्ये फोन आणि जोडणी एकत्र विकायला मनाई होती. ३जी फोनचा प्रसार व्हावा म्हणून २००६ मध्ये ती त्या फोनपुरती उठवावी लागली. एकदम पूर्ण किंमत भरू न शकणाऱ्याला हप्ता हवाच असतो. दक्षिण कोरियाने २०१४ मध्ये कायदा करून सबसिडीला कमाल मर्यादा घातली. ती २०१७ मध्ये संपली आणि जुलै २०२५ मध्ये तो कायदाच रद्द झाला. पण त्यातली एक तरतूद मोलाची होती आणि ती पुढेही चालू ठेवली गेली. सबसिडी न घेणाऱ्याला भाड्यात सूट मिळते, आधी १२ टक्के, मग २० आणि सप्टेंबर २०१७ पासून २५ टक्के. भाड्याचा एवढा मोठा भाग सोडूनही कंपन्या चालतात, म्हणजे स्वतःचा फोन वापरणारा ग्राहक आजवर इतरांच्या फोनचे पैसे भरत होता. जपानने ऑक्टोबर २०१९ पासून सेवेचे दर फोनपासून वेगळे केले, फोनवरच्या सवलतीला २०,००० येनची मर्यादा घातली आणि दोन वर्षांचा करार मोडण्याचा आकार ९,५०० येनवरून १,००० येनवर आणला. सवलतीची मर्यादा पुढे वाढवावी लागली, फोन महाग झाले होते. फोन आणि सेवा वेगळी करण्याचे तत्त्व मात्र टिकले, आणि मला तेच महत्त्वाचे वाटते.

नियामकांकडे मागणी एवढीच आहे. हप्त्यावर फोन देणाऱ्या कंपनीने दर बिलात सेवेचे भाडे वेगळे आणि फोनचा हप्ता वेगळा छापावा. हप्त्यासोबत फोनची रोख किंमत, वार्षिक व्याजदर, आजची बाकी आणि शेवटच्या हप्त्याची तारीख असावी. बाकी कधीही भरून मोकळे होण्याची मुभा असावी. शेवटच्या हप्त्यानंतरच्या बिलात फोनचा रकाना शून्य यायला हवा, आणि त्यासाठी ग्राहकाला कॉल सेंटरला फोन लावायची वेळ येऊ नये.

आपला,
एक वाचक