आमच्या गल्लीतल्या सिस्टर काकूंना, सगळ्यांसमोर

काकू, नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, "त्यात काय गं, आयुष्यभर तेच केलंय" म्हणता आणि बाळाच्या टोपीची नाडी नीट करायला लागता. म्हणून लिहून टाकतेय आणि सगळ्यांना दिसेल असं टाकतेय. तुम्ही रागावणार हे माहितीये, पण माझ्या दोन मैत्रिणी आणि आमच्या वन्सं सध्या पोटुशी आहेत, आणि दिवस भरायच्या आधीच मला कळा आल्या त्या दिवशी तुम्ही मला जे विचारलंत ते त्यांना अजून कुणीच विचारलेलं नाही.

द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी चालू होती, तासगावात त्या दिवसांत घरात कोण सापडतं का. हे बागेत, मामा बागेत, मजुरांचं जेवण घेऊन जाऊबाई पण बागेत. घरी मी आणि आत्या. मला एकतिसावा आठवडा. सकाळपासून कंबर भरून आलेली, म्हणजे मोडल्यासारखी नाही, पाळी यायच्या आधी कशी जड होते तशी. ओटीपोटात खाली काहीतरी दाबल्यासारखं. दोनदा पातळ संडास झाली. आणि पोट मधूनच ताठ व्हायचं आणि सुटायचं. दुखत नव्हतं हो. हेच सांगायचंय सगळ्यांना, दुखत नव्हतं. सिनेमात बाई किंचाळते, घाम फुटतो, तसलं काही नाही. मी चालत होते, भांडी लावत होते, फोनवर बोलत होते.

आणि प्रत्येकाकडं कारण तयार होतं. आदल्या दिवशी डोहाळजेवण झालेलं, त्यामुळं दगदग. नाहीतर दृष्ट, कारण हिरव्या साडीत फोटो स्टेटसला टाकलेले. नाहीतर पुरणपोळीनं गॅस. ओवा खा, हिंग लाव बेंबीला. जिथं माझं नाव घातलेलं त्या दवाखान्यात फोन केला तर रिसेप्शनवरच्या बाईनं सांगितलं की मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत, सातव्या महिन्यात असं होतं, उद्या सकाळी ओपीडीला या. एकही प्रश्न न विचारता. माझा सगळ्यात जास्त राग त्या फोनवर आहे, तुम्ही मात्र कधी त्यांना नावं ठेवली नाहीत, "फोन उचलणाऱ्याला कुणी शिकवलेलंच नसतं" एवढंच म्हणालात.

तुम्ही कढीपत्ता न्यायला आला होतात. माझ्याकडं बघून आत्यांना म्हणालात, "हिला जरा आडवी करा."

तुमचा हात मला अजून आठवतो. पोटावर वरच्या बाजूला, तळवा नाही, बोटांची पेरं टेकवलेली, अगदी हलकी, आणि डोळे मनगटावरच्या घड्याळाकडं. बोलत नव्हतात. पोट ताठ झालं तसं म्हणालात, आता आलं, आणि सुटलं तेव्हा, आता गेलं. मग माझाच हात धरून माझ्या नाकाच्या शेंड्यावर ठेवलात, मग हनुवटीवर, मग कपाळावर. कळ आली असताना पोट नाकाच्या शेंड्यासारखं लागलं तर हलकी, हनुवटीसारखं लागलं तर मध्यम आणि कपाळासारखं टणक लागलं तर जोराची. माझं हनुवटीसारखं होतं. लेबर रूममध्ये नव्या पोरींना असंच शिकवायचो म्हणालात. इतकी साधी गोष्ट, कुठलं यंत्र नको काही नको, आणि एवढ्या महिन्यांच्या तपासणीत मला कुणी सांगितली नव्हती. लोहाच्या गोळ्या सांगितल्या, कॅल्शियम सांगितलं, सोनोग्राफीची तारीख सांगितली, पण नववा लागायच्या आधीच कळा आल्या तर त्या कशा ओळखायच्या, हे नाही.

आणि तुमचे प्रश्न. दुखतंय का, हे तुम्ही विचारलंच नाहीत. येतंय-जातंय का एकसारखं आहे? कंबरेतून पुढं येतंय का? खाली दाब वाटतो का, बाळ खाली रेटल्यासारखं? अंगावरून जातंय ते रोजच्यासारखं की जास्त, पाण्यासारखं की चिकट शेंबडासारखं, गुलाबी लाल काही? लघवीला जळजळ? ताप? बाळ फिरतंय ना? मग लघवी करून ये म्हणालात, भरलेल्या मूत्राशयानं पण पोट आवळतं. दोन ग्लास पाणी प्यायला लावलंत आणि डाव्या कुशीवर झोपवलंत, आणि कोरडं पॅड लावायला दिलंत, ओलं झालं तर रंग आणि वास बघायचा, लघवीचा वास लगेच कळतो. तेव्हाच बजावलंत की हे पाणी पिऊन तासभर वाट बघणं फक्त नुसतं पोट आवळत असेल तेव्हाच, रक्त दिसलं किंवा पाणी जायला लागलं तर दहा मिनिटं पण थांबायचं नाही. आत्यांनी विचारलं होतं की तुम्हीच आतून तपासून बघा की. तुम्ही साफ नाही म्हणालात. घरी आत हात घालायचा नाही, पाणी जात असेल तर तर अजिबातच नाही, जंतू आत जातात.

खोट्या कळा असत्या तर कूस बदलून, पाणी पिऊन, पडून राहून विरळ झाल्या असत्या, त्यांना ताळतंत्र नसतं, कधी पाच मिनिटांनी कधी पाऊण तासानं. माझ्या काही केल्या थांबेनात, दर आठ-दहा मिनिटांनी येतच राहिल्या. तुम्ही तास पुरा पण होऊ दिला नाहीत. "दहा मिनिटाला एक, दिवस भरायला अजून दोन महिने, चला."

तेवढ्यात शेजारच्या आजींनी ते वाक्य टाकलंच, सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, व्हायचंच असेल तर आत्ताच होऊ दे. काकू तुम्ही त्यांच्यावर जे डाफरलात ना. मी तुम्हाला मोठ्या आवाजात बोलताना पहिल्यांदा ऐकलं. पोटात एकेक आठवडा जास्त राहिला की पोराची ताकद वाढते, आठव्याचं सातव्यापेक्षा चांगलंच जगतं, कुणी ही म्हण काढली त्यानं फुफ्फुसं बघितली नव्हती. वाचणाऱ्यांनी हे घरातल्या आजीला जरूर ऐकवावं, कारण ही म्हण अजून घराघरात आहे आणि तिच्या नादानं माणसं निवांत बसतात. ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत झालेलं बाळ म्हणजे दिवस न भरलेलं. जगात साधारण दहातलं एक बाळ असं येतं आणि २०२० साली आपल्या देशात अशी ३० लाखांच्या आसपास बाळं जन्मली, सगळ्यात जास्त आपल्याकडंच.

दुसरं भांडण कुठं जायचं यावरून. मामा बागेतून आले, जवळचा नर्सिंग होम म्हणत होते, ओळखीचा आहे, पाच मिनिटांवर आहे. तुम्ही विचारलंत, तिथं काचेची पेटी आहे का, बाळाला श्वास द्यायचं मशीन आहे का, रात्री बाळाचा डॉक्टर असतो का? नाही ना? मग तिथं बाळ झालं की त्याला उचलून सांगलीला पळायचं, बाळ पोटात आहे तोवर हलवणं सोपं. १०८ ला तुम्हीच फोन लावलात आणि सांगताना काय सांगितलंत ते पण मी लक्षात ठेवलंय: गरोदर बाई, एकतिसावा आठवडा, दहा मिनिटाला कळ, पाणी गेलेलं नाही, रक्त नाही. फाईल, रक्तगटाचा कागद आणि शेवटची सोनोग्राफी पिशवीत. सरकारी दवाखान्यात जायला मामा जरा नाखूश होते, तर तुम्ही त्यांना खासगीतल्या एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, एका दिवसाच्या बिलाचा आकडा विचारलात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, आजारी नवजात बाळाचे उपचार, न्यायची-आणायची गाडी, सगळं मोफत आहे हे आमच्या सुशिक्षित घरात तुमच्याशिवाय कुणाला माहिती नव्हतं.

तिथं तपासलं तर गर्भपिशवीचं तोंड उघडायला लागलं होतं. लघवीत इन्फेक्शन निघालं, जळजळ नाही ताप नाही तरी. डॉक्टर म्हणाल्या असं लपलेलं इन्फेक्शन कळा सुरू व्हायचं एक नेहमीचं कारण आहे, म्हणून तर लघवी तपासायला सांगतात. आधी दिवस न भरता झालेलं बाळंतपण, जुळं, पिशवीचं तोंड आखूड असणं, बीपी, दोन बाळंतपणांत कमी अंतर, रक्त कमी असणं, यातलं काही असेल तर जास्त जपायचं, पण यातलं काहीच नसताना पण होतं, माझं बघा ना.

मग डेक्सामेथासोनची इंजेक्शनं. बारा-बारा तासांनी चार. बाळाची फुफ्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला देतात, आणि त्यांचा पुरता उपयोग व्हायला साधारण चोवीस तास लागतात, म्हणून मधल्या वेळात कळा लांबवायला गोळ्या. उद्या सकाळी ओपीडीला गेले असते तर हाच वेळ गेला असता, काकू. हे मला नंतर नीट कळलं तेव्हा रात्रभर झोप नाही आली. बत्तीस आठवड्यांच्या आत असल्यामुळं मॅग्नेशियमचं सलाईन पण लावलं, बाळाच्या मेंदूला जपायला, ते चढताना अंगातून नुसती आग निघते, कुणाला लावलं तर घाबरू नका. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, त्याच्या इंजेक्शनची गोष्ट तिथल्या शिकाऊ डॉक्टरनं सांगितली, न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करत होते, स्टेरॉइड दिलेलं एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं की जगायला नको होतं, तर ते श्वास घेत होतं, त्यावरून १९७२ मध्ये बायकांवरचा अभ्यास छापून आला. तुम्हाला ही गोष्ट सांगितली तर तुम्ही म्हणालात मेंढीचं माहिती नाही, पण २०१४ पासून गावच्या नर्सबाईला सुद्धा पुढं पाठवायच्या आधी पहिला डोस द्यायची परवानगी आहे, ते लिही. लिहिलं.

चारही डोस झाले आणि मगच आली ती. दीड किलोला जरा कमी. रडली, बारीक आवाजात, पण रडली. काही दिवस नाकाला नळ्या, दूध नळीनं, कारण चोखणं, गिळणं आणि श्वास हे तिन्ही एकत्र जमायला बाळाला चौतिसावा आठवडा तरी लागतो हे पण मला तुम्हीच सांगितलंत, नाहीतर ती अंगावर पीत नाही म्हणून मी रडत बसले असते. चीक वाटीत काढून पाठवायचा, थेंबभर असला तरी. आणि कांगारू. आमच्या यांनी आयुष्यात चारचौघांत शर्ट काढला नसेल, ते वॉर्डात उघड्या छातीवर पोरीला घेऊन तासन् तास बसायचे, वर आत्यांची शाल, आणि कुणी ओळखीचं आलं की मान खाली घालून मोबाईल बघायचे. आत्या पण बसल्या. हिंग लावणाऱ्या आत्या आता गल्लीतल्या बायकांना विचारतात, येतंय-जातंय का गं.

अजून एक लिहिते, कारण तुम्ही त्यावर फार चिडता. मागच्या महिन्यात पलीकडच्या आळीतल्या एकीला तसंच झालं, रात्री गाडी करून गेली, तपासलं, तोंड बंद होतं, घरी पाठवलं. तर सासरी हसले, उगाच हजार रुपये घालवले म्हणे. अहो, परत पाठवलं म्हणजे चांगलंच झालं की! अशा कळा घेऊन गेलेल्या कितीतरी जणींच्या कळा आपोआप थांबतात आणि बाळ पुढं वेळेवर होतं. कुणाच्या थांबतील आणि कुणाच्या नाही हे घरी बसून कुणालाच सांगता येत नाही, तुम्हाला पण नाही, हे तुम्हीच म्हणता. तिला सांगा पुन्हा वाटलं तर पुन्हा जा. आणि कळा नसल्या तरी बाळाची हालचाल कमी झाली, डोकं फार दुखून डोळ्यापुढं अंधारी आली, तोंड-हात सुजले, ताप भरला तर तेव्हाही जायचंच.

पोरगी आता आठ महिन्यांची आहे, डॉक्टर अजून वय मोजताना लवकर आली तेवढे आठवडे वजा करतात, त्यामुळं ती बसत नाही म्हणून मी घाबरत नाही. डोळ्यांचा पडदा तपासून झाला, कानाची तपासणी झाली, सगळं ठीक.

तर काकू, एक काम आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची, बायका सकाळपासून बाकावर बसून असतात, नंबर यायला वेळ लागतो. आशाताईंशी मी बोलले, त्यांनी तिथल्या मॅडमना विचारलं, त्या हो म्हणाल्या. तुम्ही फक्त अर्धा तास बसायचं आणि नाक, हनुवटी, कपाळ दाखवायचं, बाकी प्रश्न मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून आणते. गुडघ्याचं कारण सांगू नका, हे गाडी घेऊन येतील, नऊ वाजता तयार राहा.

तुमची,
कोपऱ्यावरच्या घरातली सून