काका, आजोबांच्या रेडिओला एकही नवं भोक पाडावं लागलं नाही

काका, समोर येऊन थँक्यू म्हटलं असतं तर तुम्ही "अगं राहू दे, चहा घे आधी" म्हणून विषय बदलला असता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या ग्वाल्हेरमधल्या लष्कर भागातल्या घरात आजोबांचा जुना वॉल्वचा रेडिओ होता, लाकडी कॅबिनेटचा, कित्येक वर्षं बंद. त्यात रास्पबेरी पाय 4, म्हणजे एका छोट्या बोर्डवरचा अख्खा कॉम्प्युटर, बसवायचा आणि आजीला नाट्यसंगीत, ग्वाल्हेर घराण्याच्या कृष्णराव शंकर पंडितांचं गाणं, सगळं त्याच रेडिओतून ऐकवायचं असं माझ्या डोक्यात होतं. सॉफ्टवेअर मला येतं, ते दोन रात्रींत झालं. पण बोर्ड आत बसवायचा कसा ते काही जमेना. बाजारातून 3 एमएमचे स्क्रू आणले, ते बोर्डच्या भोकात जाईनात, म्हणून मी चक्क ड्रिल घेऊन भोक मोठं करायला बसले होते आणि तेवढ्यात तुम्ही आईकडे कशाला तरी आलात आणि माझा हात धरलात. ते भोक 2.7 एमएमचं असतं, स्क्रू अडीचचा लागतो, आणि भोकाला लागूनच तांब्याच्या बारीक लाइनी गेलेल्या असतात. एक कापली गेली असती तर बोर्ड गेलाच होता.

मग तुम्ही घरी जाऊन व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, घेऊन आलात. इथल्या जेसी कापड मिलमध्ये इतकी वर्षं फिटर होतात, मिल बंद होऊन जमाना झाला पण हात अजून तसाच आहे. तुम्ही मोजलंत, भोकांमधलं अंतर 58 आणि 49 एमएम, मी बोर्डचं ड्रॉइंग उघडून बघितलं तर तेच आकडे. बोर्ड 85 बाय 56 चा, म्हणून मी तेवढीच जागा धरली होती, तर तुम्ही म्हणालात "सगळ्या वायरी खोचून मग माप घे". लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा बोर्ड कापला, प्लगसकट आत ठेवून बघितला, तर माझ्या प्लॅनमध्ये लॅनची वायर सरळ स्पीकरवर आपटत होती.

आणि ती गरमीची गोष्ट! आपल्या ग्वाल्हेरच्या मे महिन्याबद्दल वेगळं सांगायला नको, पारा 45 च्या वर जातो. मी बोर्ड तळाला आडवा चिकटवून ट्राय केला होता तर दुपारी त्याच्या चिपचं टेम्परेचर 82 आलं. 80 च्या वर तो स्वतःच स्पीड कमी करतो, गाणं अडकायला लागलं. मी म्हटलं बाजूने पंख्यासाठी गोल कापू या. तुम्ही कॅबिनेट उलटा करून मला तळाची भोकं दाखवलीत, मागचं जाळीचं झाकण दाखवलंत आणि म्हणालात हा रेडिओ बनवणाऱ्याने गरमीचा विचार आधीच करून ठेवलाय, वॉल्व केवढे तापायचे. खरंच की, तो रेडिओ सहज 40-50 वॉट खायचा आणि हा बोर्ड जोरात चालला तरी 6-7. फक्त हवेची वाट अडवायची नाही, खालून थंड येते, वरून गरम निघून जाते. म्हणून बोर्ड उभा लावला, हीटसिंक (चिपची गरमी बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) चिकटवला, आणि त्याच दुपारच्या वेळेला 67. पंखा नाही म्हणजे घरघर नाही, आणि तानपुऱ्याच्या मागे घरघर आजीने एक मिनिट सहन केली नसती.

पट्टी तुम्ही ॲल्युमिनियमची केलीत आणि जुन्या चॅसीच्या (वॉल्व बसवलेल्या धातूच्या सांगाड्याच्या) चार बोल्टांच्या भोकांवरच कसलीत. त्यावर पितळेचे स्पेसर, स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचे वॉशर. वायफायची अँटेना बोर्डच्या एका कोपऱ्यात असते, तिच्यामागे धातू आला की सिग्नल पडतो, हे मी सांगितलं तर तुम्ही काही न बोलता तो कोपरा पट्टीतून कापून दिलात. ते मला फार आवडलं काका, एवढे अनुभवी असून माझंही ऐकून घेतलंत.

पण सगळ्यात भारी म्हणजे नॉब. जुना नॉब पाव इंची दांड्याचा, म्हणजे 6.35 एमएम, नवीन एन्कोडर (नॉब किती फिरला ते बोर्डला कळवणारा भाग) 6 चा, ढिला फिरत होता. मी फेविक्विकची ट्यूब काढली आणि तुम्ही कोल्ड्रिंकच्या डब्याची पातळ पट्टी कापून दांड्याला गुंडाळलीत. आता आजी आवाज वाढवते तेव्हा नॉब हाताला अगदी जुन्यासारखा घट्ट लागतो. पहिल्या दिवशी तिने तो नुसताच दोन-तीनदा फिरवून बघितला, काही बोलली नाही, मग डोळे पुसले.

जुनी चॅसी तुम्ही सांगितलंत तशी वॉल्वसकट धोतराच्या कापडात गुंडाळून ठेवलीय, म्हणजे उद्या कुणाला रेडिओ परत मूळचा करावासा वाटला तर करता येईल. तुमचा व्हर्नियर माझ्याकडेच राहिलाय, रविवारी आणून देते. आजी म्हणतेय, आणून कशाला देतेस, त्यांनाच जेवायला बोलव, पुरणपोळी करते.