मारेम्मातले गुराखी: लेकीस पत्र

आल्बेरेसे, इटली

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. इंटर्नशिप पुण्यातल्या कुत्र्या-मांजरांच्या क्लिनिकमध्ये करावी की सांगोल्याकडच्या गुरांच्या दवाखान्यात, असं विचारलं आहेस. फोनवर दोन वाक्यांत सांगून टाकलं असतं, पण सध्या जिथे आलोय तिथलं थोडं सांगितल्याशिवाय माझं म्हणणं तुला पुरतं कळणार नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही मारेम्मात आहोत. तोस्कानाचा, म्हणजे टस्कनीचा, दक्षिणेकडचा, समुद्राला लागून असलेला हा पट्टा. ग्रोस्सेतो हे त्याचं मुख्य शहर. घोड्यावरचे गुराखी, वाइन आणि जंगल या तीन गोष्टींसाठी लोक इकडे येतात. आणि मला तर असं दिसतंय की या तिन्हींच्या मुळाशी डास आहे.

ओम्ब्रोने नदी इथे समुद्राला मिळते. तिच्या मुखाजवळ शेकडो वर्षं दलदल होती आणि दलदलीत मलेरिया. बारमाही वस्ती करून शेती करणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून मोठमोठ्या जहागिरी तशाच पडून राहिल्या, त्यांत अर्धरानटी गुरं मोकळी सोडलेली आणि ती राखायला घोडेस्वार. त्यांनाच बुत्तेरी म्हणतात. उन्हाळा आला की ग्रोस्सेतोची सरकारी कचेरीसुद्धा दप्तरासकट डोंगरावरच्या स्कान्सानो गावी हलायची! ही पद्धत 1897 साली बंद झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. पुढच्याच वर्षी इटलीत ग्रासी या शास्त्रज्ञाने माणसाचा मलेरिया ॲनोफेलिस डासामुळे पसरतो हे दाखवून दिलं. परजीवीशास्त्राच्या पेपरात ही नावं तू पाठ केली असशील. इथे उभं राहिलं की ती पाठ करावी लागत नाहीत.

दलदल हटवायचं काम मात्र त्याच्या कितीतरी आधी, 1828 मध्ये, इथल्या लेओपोल्द दुसरा या ग्रँड ड्यूकने हाती घेतलं होतं. युक्ती बघ. नदीचं पुराचं गढूळ पाणी कालव्याने दलदलीत आणायचं, गाळ तळाशी बसू द्यायचा आणि निवळलेलं पाणी सोडून द्यायचं. धरणांत साठलेल्या गाळाने आपण हैराण होतो, इथे त्याच गाळातून त्यांनी जमीन उभी केली. तरी शेवट गाठायला फार काळ लागला. इटली मलेरियामुक्त जाहीर झाली ती 1970 साली. आणि किनाऱ्याला माणूस फारसा टिकलाच नाही, म्हणून उच्चेल्लीना टेकड्यांवरचं रान वाचलं. 1975 पासून ते संरक्षित उद्यान आहे. रानडुकरं, साळिंदरं, हरणं आहेत, लांडगेही आहेत. पाइनच्या झाडीतून चालत थेट समुद्रावर उतरता येतं. तुझी आई वाळूत वाहून आलेल्या एका भल्यामोठ्या ओंडक्यावर कितीतरी वेळ बसून होती, उठायलाच तयार नव्हती.

आता गुरांकडे येतो. मारेम्माना गाय पाहिली आणि खिल्लारची आठवण झाली. तोच राखाडी रंग, तशीच लांब, वर गेलेली शिंगं. गायीची शिंगं वीणेसारखा बाक घेतात, वळूची चंद्रकोरीसारखी. वशिंड मात्र नाही. वासरू जन्मतं तांबूस आणि काही महिन्यांत राखाडी होतं. म्हसवडकडच्या खिल्लार वासरांच्या टाळूवर जन्मतः तांबूस रंग असतो, तोही असाच नंतर जातो, आठवतंय ना? याचं कारण तुमच्या पशुपैदास विभागातल्या सरांना विचार आणि मला कळव. ही गुरंही मुळात ओढकामाची. ट्रॅक्टर आल्यावर त्यांची संख्या झपाट्याने घटली, तीही कहाणी आपल्याला ओळखीची.

सकाळी बुत्तेरींबरोबर रानात जायला मिळालं. ते घोड्यांवर, मी गाडीत. हातात लांब काठी, टोकाला आकडा. फाटक आलं की घोड्यावरून न उतरता त्याच काठीने कडी काढतात, आत शिरतात, फाटक लावतात. एक गाय पहाटेच व्यायली होती आणि झुडपाआड उभी होती. त्यातल्या वयस्कर गड्याने घोडा लांबच थांबवला. जवळ जायचं नाही, गाय बिथरते. तो नुसता बघत राहिला. वासरू धडपडत उठलं, दोनदा पडलं, मग कासेला लागलं. तरीही तो हलला नाही. त्याला जार, म्हणजे वार, पडलाय का ते बघायचं होतं. गाय वळली, खात्री झाली, तेव्हाच त्याने लगाम फिरवला. भाषा येत नसूनही तो काय बघतोय हे मला क्षणोक्षणी कळत होतं. नोकरीत इतकी वर्षं मी तेच केलंय.

1890 साली अमेरिकेतला बफेलो बिल काउबॉयांच्या खेळांचा आपला तांडा घेऊन रोमला आला होता. तेव्हा रोमच्या दक्षिणेकडच्या दलदलीतल्या बुत्तेरींनी त्याच्या अडेल घोड्यांवर मांड ठोकून दाखवली, हे इकडे अजून अभिमानाने सांगतात. मला मात्र झुडपासमोर थांबलेला तो म्हातारा त्याहून मोठा वाटला.

स्कान्सानोलाही जाऊन आलो. कचेऱ्या जिथे पळून यायच्या तेच हे गाव आज मोरेल्लिनो या लाल वाइनसाठी प्रसिद्ध आहे. तिच्यात किमान 85 टक्के सान्जोवेझे द्राक्ष लागतं, ते आता आपल्या अकलूजकडेही लावतात. मी थोडी चाखली; तुरट, पण जेवणाबरोबर छान लागते. आईला आक्वाकोत्ता फार आवडलं. कांदा, सेलरी, टोमॅटो पाण्यात शिजवायचं, ते शिळ्या पावावर ओतायचं, वर अंडं आणि मेंढीच्या दुधाचं चीज. गुराख्यांचं जेवण ते, आपल्या कुस्कऱ्यासारखं.

तर माऊ, माझं म्हणणं असं. क्लिनिकचं काम वाईट नाही, त्यात पैसा आहे, शहरही आहे, आणि कुत्र्या-मांजरांच्या वेदना काही कमी खऱ्या नसतात. पण इंटर्नशिप सांगोल्यातच कर. टेबलावर आणलेलं जनावर तू पुढे आयुष्यभर बघशील. रानात, आपल्या कळपात उभं असलेलं जनावर लांबून बघायला शिकवणारा माणूस मात्र नेहमी भेटत नाही. सांगोल्यात खिल्लार पाळणारी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांच्यामागे हिंड. जनावराला हात लावायच्या आधी ते काय काय बघतात ते वहीत लिहून ठेव. नंतर क्लिनिकच घ्यायचं ठरवलंस तरी मी आडवा येणार नाही.

अर्जाची शेवटची तारीख कळव. सांगोल्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलतो. आणि गमबूट चांगले घे, स्वस्तातले एका पावसात फाटतात.

आईचे आशीर्वाद. तिने तुझ्यासाठी मेंढीचं चीज घेतलंय, आल्यावर देऊ.

तुझा,
बाबा